पाया खणण्याआधी वाटणी

केम हे दौंड-सोलापूर लोहमार्गावरचे करमाळा तालुक्यातले गाव. इथले कुंकू महाराष्ट्रातल्या देवघरांत पोचते आणि इथली तरुण पिढी त्याच लोहमार्गाने नोकरीसाठी पुण्याकडे जाते. अशा गावातल्या कुटुंबापुढे कधीकधी एक अवघड प्रश्न उभा राहतो. पुण्याच्या कडेला कर्ज काढून घेतलेला फ्लॅट विकायला काढला तर येणाऱ्या पैशांत बँकेचे देणे फिटत नाही. गावी मात्र वडिलोपार्जित जमीन आहे आणि तिथे घर बांधायला जागेचे पैसे पडत नाहीत. मग पदरचे घालून फ्लॅट विकावा आणि केमला पाया खणावा का? यातला हिशेबाचा भाग कोणीही जाणकार करून देईल. पण त्याखाली धर्माचा प्रश्न आहे. ज्याच्या अंगावर देणे आहे, त्याने पूर्वजांच्या भूमीवर नवी वास्तू उभारायची तर कोणत्या अटीवर? माझे म्हणणे असे की तोट्यात विकण्यात अधर्म नाही, गावी परतण्यातही नाही. मात्र दोन्ही ठिकाणी दुसऱ्याचा वाटा आधी वेगळा काढावा लागतो. फ्लॅटमध्ये बँकेचा वाटा आहे, जमिनीत भावाबहिणींचा. ते बाजूला काढून जे उरेल, तेवढ्यावरच आपल्याला घर बांधता येते.

ही वेळ येते कशी, ते आधी पाहू. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम देते, त्याहून मोठ्या कर्जांत ८० किंवा ७५ टक्के. त्यामुळे देणे किमतीच्या वर जाणार नाही असे वाटते. परंतु पदरचे म्हणून जे १० टक्के भरायचे, ते पुष्कळदा वैयक्तिक कर्जातून किंवा सोने गहाण ठेवून उभे केलेले असतात. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च वेगळाच. त्यात सुरुवातीच्या वर्षांत हप्ता जातो तो मुख्यतः व्याजात. ३० लाखांचे कर्ज ९ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे २७ हजार येतो. पाच वर्षांत साधारण १६ लाख २० हजार भरून होतात आणि तरी मुद्दल कमी झालेले असते जेमतेम ३ लाख ४० हजारांनी. साडेसव्वीस लाखांच्या वर देणे तसेच उभे राहते. दरम्यान शेजारी नव्या इमारती झाल्या, प्रकल्प रखडला किंवा पाण्याचे टँकर सुरू झाले, तर त्याच फ्लॅटला २३-२४ लाखांचे गिऱ्हाईक मिळणेही कठीण होते. कर्ज पूर्ण फिटल्याशिवाय बँक मूळ कागद सोडत नाही, म्हणून वरचे दोन-तीन लाख विकणाऱ्यानेच आणायचे असतात. त्याच्याकडे ते नसतात असे नाही. भविष्य निर्वाह निधी असतो, थोड्या ठेवी असतात. पण ते पैसे त्याने मनात केमच्या घरासाठी ठेवलेले असतात. खरा पेच इथे आहे. हप्ते थांबवून ते पैसे गावच्या पायात घालावेत आणि फ्लॅटचे काय करायचे ते बँकेला करू द्यावे, हा विचार याच जागी मनात शिरतो.

आपल्या परंपरेने माणसाकडे पाहिले ते ऋणकरी म्हणूनच. तैत्तिरीय संहितेत जन्मतःच तीन ऋणे सांगितली आहेत, ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे. शतपथ ब्राह्मणाने त्यांत चौथे घातले, माणसांचे. मनुस्मृतीने तर तीन ऋणे फेडल्याखेरीज मोक्षाकडे मन लावणाऱ्याची अधोगती होते असे बजावले आहे. व्यवहारातल्या देण्याकडेही धर्मशास्त्राने तितक्याच गांभीर्याने पाहिले. मनूने वादांची जी अठरा प्रकरणे सांगितली, त्यांत पहिले ऋणादानाचे. देणे बुडवणारा पुढच्या जन्मी धनकोच्या घरी दास किंवा जनावर होऊन ते फेडतो, असे स्मृतिकार सांगतात. पुनर्जन्म मानणे न मानणे ज्याच्या त्याच्याकडे. मला त्यामागची समज मोलाची वाटते. देणे वस्तूला चिकटत नाही, माणसाला चिकटते, आणि जागा बदलल्याने ते मागे राहत नाही. आजचा कायदाही तेच म्हणतो. २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँकेने घर लिलावात काढले आणि रक्कम कमी पडली, तर उरलेल्या पैशांसाठी ती कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाऊ शकते. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियासारख्या राज्यात स्वतः राहण्यासाठी काढलेल्या गृहकर्जाबाबत नियम उलटा आहे. तिथे घर ताब्यात गेले की सहसा देणे संपते, आणि २००८ नंतरच्या मंदीत कित्येकांनी किल्ल्या बँकेकडे पाठवून दिल्या. तिथे तो धोका धनकोने करारातच पत्करलेला होता. आपल्या करारात तसे नाही. इथे सही करताना माणसाने आपला शब्द गहाण ठेवलेला असतो, भिंती हे त्याचे फक्त तारण.

यावर कोणी तुकोबांचे नाव घेईल. कर्जखते इंद्रायणीत बुडवणारा संत आपलाच ना, मग कागदाला एवढे कवटाळायचे कशाला? हा आक्षेप मनापासून घेतला जातो, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. तुकोबांचे घर महाजनकीचे. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचा व्यापार बसला, दिवाळे निघाले, घरातली माणसे गेली. त्यांनी जी खते नदीत सोडली, ती लोकांकडून येणे असलेल्या पैशांची होती. आपण ज्यांचे देणे लागतो त्यांचे कागद त्यांनी बुडवले नाहीत. आणि परंपरा आणखी एक गोष्ट सांगते, तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. खते बुडवण्याआधी त्यांनी धाकट्या भावाचा, कान्होबाचा अर्धा हिस्सा वेगळा काढून त्याच्या हाती दिला. कान्होबाला संसार करायचा होता, वसुली हवी होती. तुकोबांनी त्याच्या वाट्याचा त्याग केला नाही, कारण दुसऱ्याच्या वाट्याचा त्याग करता येत नाही. याच तुकोबांनी देहूतले पूर्वज विश्वंभरबाबांचे मोडकळीला आलेले विठ्ठलमंदिर दुरुस्त केले. घराण्याच्या जागेवर पुन्हा उभे करणे हेही त्यांच्या चरित्रात आहे. कान्होबाची वाटणी आणि देवळाची दुरुस्ती एकत्र वाचली, की केमच्या कुटुंबाला हवे ते उत्तर त्यात सापडते.

दुसरा आक्षेप आजच्या माणसाचा. सावकाराला चेहरा होता, बँकेला नाही. हजारो कोटींच्या उलाढालीत दोन-तीन लाख बुडाले तर कोणाचे काय बिघडले? याचे उत्तर सोलापूरकरांना लांब शोधावे लागणार नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने सोलापूरच्या लक्ष्मी सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. पुण्याच्या रुपी बँकेचाही त्याच वर्षी गेला. बँका का बुडतात याची कारणे अनेक, आणि सामान्य गृहकर्जदाराच्या माथी ती मारणे अन्यायाचे होईल. पण बँक बुडाली तेव्हा दाराशी उभा राहिला तो ठेवीदार, हे सर्वांनी पाहिले. ठेव विम्याचे संरक्षण पाच लाखांपर्यंत. त्यावरचे पैसे कोणाचे निवृत्तीचे होते, कोणाचे मुलीच्या लग्नाचे. बँकेच्या तिजोरीतला पैसा कधीच चेहरा नसलेला नसतो, आपण फक्त तो चेहरा पाहिलेला नसतो. सहकारी बँक किंवा पतसंस्थेचे कर्ज असेल तर दोन जामीनदारही असतात, बहुधा कारखान्यातला सोबती आणि मेहुणा किंवा चुलतभाऊ. हप्ता थांबला की नोटीस त्यांच्या घरी जाते. आपल्या नव्या घराच्या विटा त्यांच्या पगारातून कापून आलेल्या असतील, तर त्या घराची वास्तुशांत कोणता पुरोहित करणार आणि कोणत्या तोंडाने?

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. कर्जच जर अन्यायाचे असेल तर? बिल्डरने दाखवले एक आणि दिले दुसरे, ताबा वर्षानुवर्षे लांबला, व्याजदर चढला तसा हप्ता न वाढता मुदतच गुपचूप वाढत गेली, अशा तक्रारी खोट्या नाहीत. आणि धर्मशास्त्राने धनकोला मोकळे सोडलेले नाही. दामदुपटीचा नियम त्यासाठीच होता. एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये, हे बंधन मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी इंग्रजी अमदानीतही हिंदू ऋणकोंसाठी मानले. १८७५ च्या मे महिन्यात सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने फोडली आणि खते जाळली. तो वणवा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. त्या जमावाचा रोख मुख्यतः कागदावर होता, माणसांच्या जिवावर नव्हता, ही नोंद घेण्यासारखी आहे. सरकारने चौकशी केली आणि १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा आणि नगरबरोबर तो सोलापूर जिल्ह्यालाही लागू झाला, म्हणजे केमच्या पणज्या-खापरपणज्यांनाही. त्या कायद्याने न्यायाधीशाला खताच्या मागे जाण्याचा अधिकार दिला. कागदावर काय लिहिले आहे तेवढ्यावर न थांबता मूळ रक्कम किती दिली, किती परत आली, व्याज किती लावले, हे उकरून पाहता येऊ लागले. यातून मी जो बोध घेतो तो असा. अन्यायाच्या कर्जाला उत्तर आहे आणि ते हिशेब उघडा मांडण्यात आहे. बिल्डरविरुद्ध महारेरा आहे, बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. एकरकमी तडजोड मागण्यातही कमीपणा नाही, मात्र तिथे आपली सगळी मिळकत खरी सांगितली पाहिजे. 'माझ्याकडे काही नाही' असे लिहून द्यायचे आणि त्याच महिन्यात गावी स्लॅब टाकायचा, याला तडजोड म्हणत नाहीत. ती चोरी आहे.

आता जमिनीकडे वळू. फ्लॅट कर्जाचा, जमीन मात्र आपली, अशी एक समजूत असते. इथेच माणूस दुसऱ्यांदा चुकतो. विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली ती कल्याणीच्या चालुक्य राजाच्या, सहाव्या विक्रमादित्याच्या दरबारी. ते कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, सोलापूरहून फार लांब नाही. या टीकेने वडिलोपार्जित मिळकतीबद्दल जे ठरवले, ते बंगाल वगळता बहुतेक भारताने शेकडो वर्षे मानले. अशा मिळकतीत मुलाचा हक्क जन्माने येतो आणि बापाचा तिच्यावर एकट्याचा अधिकार नसतो. जे जन्मले आहेत त्यांच्याबरोबर जे अजून जन्मायचे आहेत त्यांच्याही पोटाचा विचार त्या मांडणीत आहे. मला हा विचार फार थोर वाटतो. हातातली जमीन आपल्याकडे मधल्या काळापुरती आलेली आहे, हे कायद्याच्या भाषेत इतक्या लवकर सांगणारी परंपरा आपली आहे. तिची उणीव होती ती मुलींबाबत. महाराष्ट्राने १९९४ मध्ये कायदा दुरुस्त करून ती भरायला सुरुवात केली, २००५ मध्ये केंद्राने ती देशभर भरली आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मुलीचा हक्कही जन्मानेच येतो, २००५ मध्ये वडील हयात असोत वा नसोत. तेव्हा केमच्या सातबाऱ्यावर नाव कोणाचेही असो, बहिणीचा हिस्सा तिथे आहेच.

व्यवहारात काय होते? बहिणीकडून हक्कसोडपत्र घेतले जाते, तेही दिवाळीत ती माहेरी आली असताना, भाऊबीजेच्या ताटाशेजारी कागद ठेवून. तिने मनापासून सोडले तर ते दानच आहे आणि त्याला कोणी नावे ठेवू नयेत. पण भावाच्या डोक्यावर कर्ज आहे, तो परत येतो आहे, आता नाही म्हटले तर माहेर तुटेल, या दडपणाखाली झालेली सही म्हणजे संमती नव्हे. भावाच्या बाबतीत प्रश्न वेगळा. जो गावी राहिला त्याने बांध राखले, विहिरीचा गाळ काढला, दुष्काळात जनावरे जगवली, आईवडिलांचे दवाखाने केले. शेजारच्या माढा तालुक्यातल्या अरणच्या सावता माळ्याची आठवण इथे करावीशी वाटते. पंढरपूर फार लांब नसूनही ते मळ्यातच राबले आणि विठ्ठल त्यांच्याकडे आला, असे वारकरी मानतात. मातीकडे परत जाण्याचा ओढा सांगताना त्यांचे नाव घेतले जाते, पण ते त्या मळ्यात नित्य राबत होते हे त्यासोबत सांगायला हवे. नोकरीवर गेलेल्या भावाला जमिनीत हिस्सा आहे यात शंका नाही. तरी रस्त्यालगतचा, विहिरीजवळचा तुकडा आपल्या बंगल्याला आणि मागची खडकाळ पट्टी राबणाऱ्याला, अशी वाटणी कायद्यात बसली तरी धर्मात बसत नाही.

याहून मोठा धोका कागदावर दिसतो तो सातबाऱ्याच्या इतर हक्कात. फ्लॅटचा खड्डा भरायला किंवा घर बांधायला सामाईक जमिनीवर कर्ज काढले की तिथे बोजा चढतो. मग गावच्या भावाला सोसायटीतून पीककर्ज मिळताना अडचण येते, विहीर किंवा ठिबकसाठी तारण उरत नाही. पुण्यातल्या बाजारभावाचा तोटा अशा रीतीने केमच्या ज्वारीच्या रानावर उतरतो. पूर्वी बापाचे देणे मुलाने फेडणे हे पुण्यकर्तव्य मानले जाई आणि न्यायालयेही ते मानत. २००५ च्या दुरुस्तीने नव्या कर्जांपुरता तो आधार काढून घेतला. मुलावरचे ओझे कायद्याने उतरवले असताना आपण ते सामाईक जमिनीच्या आडून भावंडांवर आणि पुतण्यांवर चढवावे, हे मला अक्षम्य वाटते. म्हणून आधी वाटप करावे. सर्वांच्या संमतीने तहसीलदाराकडे वाटपाचा अर्ज करून किंवा नोंदणीकृत वाटणीपत्राने हिस्से वेगळे करावेत, मोजणी करून हद्दी कायम कराव्यात आणि बांधकामाची रीतसर परवानगी घ्यावी. यात वेळ जातो. तो जाऊ द्यावा. न वाटलेल्या जमिनीवर घाईने उभ्या केलेल्या घराचा खटला नातवंडांना चालवावा लागतो, हे करमाळ्याच्या न्यायालयात जाणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे.

एक आक्षेप राहतो, आणि तो करुणेचा आहे. गावी म्हातारे आईवडील एकटे आहेत, इकडे हप्त्याखाली संसार मोडतो आहे. आधी बँक, मग बहीण, मग भाऊ असे करत बसले तर पितृऋण कधी फेडायचे? माझे उत्तर असे की पितृऋण दुसऱ्याच्या पैशांनी फेडता येत नाही. ठेवीदाराचे तीन लाख बुडवून आईला संगमरवरी फरशी घातली, तर ती सेवा ठेवीदाराने केली, मुलाने नव्हे. आणि आईवडिलांना बंगला हवा असतो असे कोणी सांगितले? त्यांना माणूस जवळ हवे असते. जुन्या माळवदाच्या घरात एक खोली नीट करून राहता येते, पत्र्याच्या दोन खोल्यांतही दोन वर्षे जातात. परतायला घर बांधून तयार असलेच पाहिजे ही अट गावाने घातलेली नाही. ती आपल्या मनातल्या प्रतिष्ठेने घातली आहे. पुण्यातला फ्लॅट गेला हे लोकांना कळण्याआधी केमला दोन मजले दिसावेत, ही धडपड समजू शकते, पण तिच्यासाठी धर्माचा आधार मागू नये.

याच प्रतिष्ठेपायी पुष्कळजण विकण्याचा निर्णयही लांबवतात. इतके भरले आहे, आता कसे सोडायचे, असे म्हणत आणखी पाच वर्षे व्याज भरतात. वर सांगितलेल्या उदाहरणात भरलेल्या १६ लाखांतले जवळजवळ १२ लाख ८० हजार व्याजात गेले. ते पाच वर्षे डोक्यावर छप्पर मिळाल्याचे मोल होते, ते परत येणार नाही आणि ते परत यावे असा हक्कही आपल्याला नाही. गेलेल्या पैशांवरची आसक्ती सोडणे आणि देण्यावरची जबाबदारी न सोडणे, दोन्ही एकाच वेळी करावे लागते. ज्यांना तोटा सोसवतो त्यांनी तो आजच सोसावा आणि मोकळे व्हावे. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड बँकेला लावता येत नाही. पूर्ण फेड झाल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत द्यावेत, उशीर झाला तर दिवसाला ५००० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा १ डिसेंबर २०२३ पासूनचा नियम आहे. ते कागद मागून घ्यावेत, ती मेहेरबानी नाही.

म्हणून या कुटुंबांना माझे सांगणे एवढेच. घरासाठी ठेवलेल्या पैशांतून आधी फ्लॅटचा फरक भरा आणि बँकेकडून देणे फिटल्याचा दाखला घ्या. मग भावाबहिणींना एकत्र बसवा, बहिणीला तिचा हिस्सा हवा का हे तिच्या सासरच्यांसमोर नव्हे, तिला एकटीला विचारा, आणि ती हवा म्हणाली तर तो मोजून द्या. त्यानंतर शिल्लक राहील त्यात जेवढ्या खोल्या बसतील तेवढ्याच बांधा.